शाल-श्रीफळ देताय, तर दोन प्रश्नही विचारा : मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, विश्वस्त आणि समस्त कार्यकारिणी,
आपलं मराठी मंडळ, मध्य न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या कार्यक्रमात ठरलेलं 'पोलिसांनी थांबवलं तर' हे पाऊण तासाचं सत्र रद्द केल्याची आपली मेल आली. कारण दोन ओळींत दिलं होतं : मंडळ अराजकीय आहे आणि अशा विषयांमुळे सभासदांत दुही माजते. त्याच मेलच्या खालच्या भागात, तिळगुळाच्या चित्राशेजारी, आपल्या गावच्या पोलिसप्रमुखांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार असल्याची घोषणा होती. हे दोन्ही एकाच मेलमध्ये लिहिताना कार्यकारिणीतल्या एकालाही काही खटकलं नाही, म्हणून हे पत्र.

मी मंडळाची जुनी आजीव सभासद. गणपतीचा प्रसाद, मराठी शाळेचे रविवारचे वर्ग, नाटकाच्या दिवशी दाराशी तिकिटांचं टेबल, हे सगळं आवडीने केलं आहे आणि पुढेही करीन. सचिवांना आधी खासगीत लिहिलं. उत्तर आलं नाही. आता उघडपणे लिहिते आहे. मंडळाचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण नाव खोडलं तर हे पत्र या देशातल्या बऱ्याच मंडळांना जसंच्या तसं पाठवता येईल.

सत्रात काय होणार होतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक वकीलबाई येणार होत्या आणि शेजारच्या गावातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चचे पाद्री येणार होते. गाडी थांबवली तर हात कुठे ठेवायचे, काय बोलायचं, झडतीला नाही म्हणता येतं का, इमिग्रेशनवाल्यांनी रस्त्यात हटकलं तर कुठला कागद दाखवायचा, एवढंच. कुणाला मत द्या, कुणाला देऊ नका, यातलं अवाक्षर नव्हतं.

यात माझं काय अडलंय? दोन माणसं. एक माझा धाकटा मुलगा, दुसरे माझे सासरे.

मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. रंगाने तो माझ्या माहेरावर, म्हणजे सोलापूरकरांवर गेलाय. थंडीत हुडी ओढून गाडीत बसला की तो कुठल्या आईबापांचा, हे मागून येणाऱ्या पोलिसाच्या गाडीला कळायचं काही कारण नाही. त्याच्या गाडीत रजिस्ट्रेशन आणि विम्याचं कार्ड पारदर्शक पाकिटात घालून डोक्यावरच्या सन-व्हायझरला क्लिपने लावलेलं असतं. ग्लोव्ह बॉक्समध्ये कधीच नाही. तिथे हात घालायचा तर वाकावं लागतं, वाकलं की हात दिसेनासा होतो, आणि न दिसणाऱ्या हाताची या देशात भीती बाळगतात. ही युक्ती त्याला मी शिकवलेली नाही. शाळेच्या धावण्याच्या टीममध्ये त्याचा एक कृष्णवर्णीय मित्र होता, त्याच्या आईने शिकवली. तिला तिच्या वडिलांनी. आपण आपल्या मुलांना सोळाव्या वर्षी गाडीची किल्ली देताना पॅरलल पार्किंग शिकवतो. त्या घरात तेव्हा हे शिकवतात.

मागच्या वर्षी शेजारच्या एका गावात त्याला रात्री थांबवलं. सिग्नल न देता लेन बदलली, हे कारण. मग कुठून आलास, कुठे चाललास, गाडीत काही आहे का, आणि शेवटी, "बघू का जरा?" तो बघा म्हणाला. तो फुटपाथच्या कडेला बसून राहिला आणि त्याची ट्रंक, त्याची जिमची बॅग, मी दिलेला थालीपिठांचा डबासुद्धा उघडून पाहिला गेला. काही मिळालं नाही. तिकीटही दिलं नाही, नुसतं "जा". आता ऐका : न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने २००२ सालीच, कार्टी खटल्यात, सांगून ठेवलंय की रस्त्यात थांबवलेल्या गाडीची झडती घेऊ का, असं नुसतं विचारायलाही पोलिसाकडे संशयाचं काही ठोस कारण असावं लागतं. मुलाला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ते मला त्या वकीलबाईंनी सांगितलं, आणि म्हणून त्यांना मंडळात बोलवा असा माझा आग्रह होता. तुम्ही जे रद्द केलंत, ते हे.

आता सासरे. दर उन्हाळ्यात ते सहा महिन्यांसाठी येतात. आपल्या सगळ्यांचेच येतात. पांढरे बूट, स्वेटर, कानटोपी, संध्याकाळी जेवणाआधी एक फेरी. सासऱ्यांना बागेची आवड, त्यामुळे लोकांच्या दारातले गुलाब बघत ते मध्येच उभे राहतात, कधी कुंपणाशी वाकून वासही घेतात. इंग्रजी वाचतात उत्तम, पण समोरचा गोरा माणूस भराभर बोलला की गांगरतात.

६ फेब्रुवारी २०१५ रोजी अलाबामा राज्यातल्या मॅडिसन गावात असेच एक सत्तावन्न वर्षांचे गुजराती आजोबा सकाळी फिरायला निघाले होते. लहानग्या नातवाला सांभाळायला ते नुकतेच मुलाकडे आले होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला : एक सडपातळ काळा माणूस घराघरांपाशी घुटमळतोय. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. ते "नो इंग्लिश" म्हणाले, मुलाच्या घराकडे बोट दाखवलं. पुढे काय झालं ते गाडीवरच्या कॅमेऱ्यात आहे. हात मागे धरून त्यांना तोंडावर जमिनीवर आपटलं. मणक्याला इजा झाली, अंग लुळं पडलं. राज्यपालांनी माफी मागितली. त्या पोलिसावर केंद्र सरकारने खटला भरला, तो दोनदा चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला मोकळं केलं. नुकसानभरपाईचा दावा मिटायला २०२१ उजाडलं.

मी सासऱ्यांच्या खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवते. त्यावर इंग्रजीत आमचे नंबर आणि "मला भराभर इंग्रजी कळत नाही, कृपया माझ्या मुलाला फोन करा" अशी ओळ आहे. ते काढायला त्यांना खिशात हात घालावा लागेल, आणि मग पुन्हा तोच न दिसणारा हात. यावर उपाय मला सापडलेला नाही. पाद्रीसाहेबांना विचारणार होते.

आता तुमच्या 'अराजकीय'बद्दल.

मंडळातला प्रत्येक माणूस न्यू जर्सी टर्नपाइकवरून जातो. वंश बघून गाडी थांबवण्याचा विषय आधुनिक अमेरिकेत ज्या रस्त्यांवरून ऐरणीवर आला, त्यातला हा एक. कृष्णवर्णीय चालकांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांनी तिथे मोजणी करवली. रस्त्यावरच्या गाड्यांपैकी साधारण १३ टक्के गाड्यांत कृष्णवर्णीय माणसं होती, वेगमर्यादा मोडणाऱ्यांतही त्यांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, पण थांबवलेल्या गाड्यांत ते ३५ टक्के. १९९६ मध्ये ग्लॉस्टर काउंटीच्या न्यायाधीशांनी हे मान्य केलं. राज्याचे पोलीस नाही-नाही म्हणत राहिले. मग एप्रिल १९९८ मध्ये टर्नपाइकवर राज्य पोलिसांच्या दोन ट्रूपरनी, म्हणजे गस्तीवरच्या शिपायांनी, एका व्हॅनवर गोळ्या झाडल्या. आत चार कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण होते, बास्केटबॉलच्या शिबिराला चालले होते. तिघे जखमी झाले. पुढच्या वर्षी राज्याच्या अॅटर्नी जनरलनी लेखी कबूल केलं की हे खरंच चालतं, कुणाच्या मनाचे खेळ नाहीत. १९९९ च्या डिसेंबरमध्ये राज्य पोलिसांवर केंद्राची देखरेख बसली, ती २००९ पर्यंत राहिली. आणि २००३ मध्ये न्यू जर्सीने असा भेदभाव हा गुन्हाच ठरवला.

या काळात राज्यपाल कोण होत्या? क्रिस्टीन टॉड व्हिटमन, रिपब्लिकन. राज्य पोलिसांच्या प्रमुखाने एका मुलाखतीत अमली पदार्थांचा धंदा म्हणजे अल्पसंख्याकांचंच काम असं सुचवलं, तेव्हा त्याला त्यांनीच घरी पाठवलं. केंद्रीय पोलिसांनी वंशावरून संशय घेऊ नये, असे नियम २००३ मध्ये जॉर्ज बुश यांच्या सरकारने काढले. आणि वाहतुकीचा बारीकसा नियम मोडला म्हणून गाडी थांबवली असेल, तर पोलिसाच्या मनात खरं कारण काय होतं हे बघायचं नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये व्हेन खटल्यात दिला, तो नऊ विरुद्ध शून्य मतांनी. त्यात उदारमतवादी न्यायाधीशही आले. तेव्हा हा विषय अमुक पक्षाचा, असं म्हणायची सोय नाही.

त्या व्हेन निकालाचा अर्थ नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथे आहे. पाच मैल गाडी चालवताना एकही नियम मोडला नाही असा माणूस मला दाखवा. लेन बदलताना इंडिकेटर उशिरा, नंबरप्लेटवरचा दिवा मंद, थांब्याच्या रेषेवर चाक अर्ध्या हाताने पुढे. म्हणजे पोलिसाला मनात आणलं तर कुणालाही थांबवता येतं. कुणाला थांबवायचं हे तो ठरवतो, आणि ते ठरवण्याच्या त्या क्षणी रंग आत शिरतो. याची एक फार सुंदर तपासणी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी केली. देशभरातल्या सुमारे साडेनऊ कोटी ट्रॅफिक स्टॉपच्या नोंदी घेतल्या आणि दिवेलागणीच्या आधीचे आणि नंतरचे ताडून पाहिले. घड्याळातली वेळ तीच ठेवली, फक्त ऋतूप्रमाणे उजेड-अंधार बदलला. अंधार पडल्यावर, म्हणजे काचेआडचा चेहरा दिसेनासा झाल्यावर, थांबवलेल्या चालकांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण कमी झालं. यापुढे कुणी "पण ते गाडीच तशी चालवतात" म्हणालं, तर त्याला हे सांगा.

फिलँडो कॅस्टील हे नाव तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. सेंट पॉलमधल्या एका शाळेच्या उपाहारगृहाचा तो प्रमुख होता. पोलिसांनी त्याला आयुष्यात किमान ४६ वेळा थांबवलं होतं, बहुतेक वेळा किरकोळ कारणांनी. ६ जुलै २०१६ ला पुन्हा थांबवलं; सांगितलेलं कारण मागचा दिवा बंद, वायरलेसवर बोललेलं कारण असं की त्याचं नाक एका दरोड्यातल्या संशयिताच्या नाकासारखं रुंद आहे. त्याने सभ्यपणे सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे, परवाना आहे. सात गोळ्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पोलीस निर्दोष सुटला. मुलाला मी हे सगळं एकदाच सांगितलं. त्याला आधीच माहीत होतं.

"पण न्यू यॉर्कमध्ये याच कडकपणाने गुन्हे कमी झाले ना?" हा प्रश्न मंडळाच्या पार्किंगमध्ये मला दोघांनी विचारला, म्हणून त्याचंही उत्तर इथेच. २०११ या एका वर्षात न्यू यॉर्क पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा लोकांना रस्त्यात थांबवलं. दर दहापैकी जवळजवळ नऊ जणांना अटक तर सोडाच, साधी पावतीसुद्धा न देता सोडावं लागलं, कारण त्यांनी काही केलंच नव्हतं. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइन्डलिन यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. थांबवणं कमी कमी होत २०१७ मध्ये बारा हजारांच्या खाली आलं. खून २०११ मध्ये पाचशेच्या वर होते, २०१७ मध्ये तीनशेच्या खाली. शहर बुडालं नाही.

माझी खरी तक्रार मात्र पोलिसांबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे.

आपल्याला वाटतं, हे त्यांचं आहे. आपण डॉक्टर, इंजिनिअर, टॅक्स भरणारे. बरं, मग ८ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश वाचा. लॉस एंजेलिसमधल्या इमिग्रेशनच्या धाडींबाबत तिथल्या न्यायाधीशांनी म्हटलं होतं की केवळ चार गोष्टींवरून, एकेक घेऊन किंवा सगळ्या मिळून, कुणाला अडवू नका : वंश, स्पॅनिश किंवा परक्या उच्चारांचं इंग्रजी बोलणं, बसस्टॉप, कार वॉश यांसारखी जागा, आणि कामाचा प्रकार. सुप्रीम कोर्टाने ती मनाई स्थगित केली. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं टिपण लिहून सांगितलं की नुसता वंश पुरेसा नाही, पण इतर गोष्टींच्या जोडीला तो विचारात घेता येतो. परक्या उच्चारांचं इंग्रजी! आपल्या वार्षिक सभेत त्या निकषावर कोण कोण सुटेल ते एकदा मोजू. आणि कामाचा प्रकार म्हणाल, तर न्यू जर्सीत आजही पेट्रोल स्वतः भरायला बंदी आहे. रात्री अकरा वाजता पंपावर हातात नळी घेऊन उभा असलेला माणूस कुठला असतो, ते तुम्ही रोज बघता. आपल्या कार्यक्रमाला ज्यांचं केटरिंग असतं त्यांच्या स्वयंपाकघरात पोळ्या कोण लाटतं, तेही बघता. सहसा आपण त्यांची नावं विचारत नाही, एवढंच. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने आपली नोंदणीची कागदपत्रं सतत जवळ बाळगावीत, हा जुना कायदा आहे, आणि २०२५ पासून सरकार त्याची आठवण जोरात करून देतंय. मंडळातल्या किती जणांना हे माहीत आहे? हेही त्या सत्रात होतं.

मंडळात मराठी मुसलमान कुटुंबं आहेत, कोकणातली. त्यांना हे काहीच नवीन नाही. न्यू यॉर्क पोलिसांच्या गुप्त शाखेने हद्द ओलांडून आपल्या राज्यात मशिदी, दुकानं, विद्यार्थ्यांच्या संघटना टिपून ठेवल्या होत्या. २००९ मध्ये इथे न्यू ब्रन्सविकमध्ये, रटगर्स विद्यापीठाजवळच्या एका इमारतीच्या देखभाल करणाऱ्याने एक फ्लॅट उघडला आणि आतलं सामान बघून दहशतवादीच असणार म्हणून घाबरून ९११ ला फोन केला. तो फ्लॅट न्यू यॉर्क पोलिसांचाच निघाला. या टेहळणीतून तपासाचा एक धागाही हाती लागला नाही, हे २०१२ मध्ये त्यांच्याच अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं.

दुसरी तक्रार जास्त अवघड आहे. थांबवले जाणारे आपण आहोत, तसे फोन करणारेही आपणच आहोत. आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअॅप गटात दर पंधरवड्याला कुणीतरी दारावरच्या कॅमेऱ्यातला फोटो टाकतं : "हा कोण? संशयास्पद वाटतो." फोटोतला माणूस प्रत्येक वेळी कृष्णवर्णीय. एकदा तो पार्सल देणारा होता, एकदा सोलर पॅनलचा विक्रेता, एकदा चक्क पलीकडच्या गल्लीतला रहिवासी, कुत्र्याला फिरवणारा. त्याच्या बाबतीत पोलिसांना फोन करून झाल्यावर कळलं. फोन करणारे आपल्या मंडळाचे माजी पदाधिकारी. माणूस सज्जन आहे, वाईट बुद्धीने केलं असं मी म्हणणार नाही. पण मॅडिसनमध्येही एका शेजाऱ्याने फोनच केला होता, आणि त्याने फोनवर वर्णन केलं ते एका काळ्या माणसाचं. आपले आजोबा त्या वर्णनात बसले.

तिसरी. जानेवारी २०२३ मध्ये सिअॅटलमध्ये मूळची आंध्रातली तेवीस वर्षांची विद्यार्थिनी रस्ता ओलांडताना भरधाव पोलीसगाडीखाली गेली, आणि तिच्या जिवाची किंमत मर्यादितच होती असं दुसरा एक पोलीस फोनवर हसत बोलल्याचं नंतर बाहेर आलं. तेव्हा आपण मेणबत्त्या लावल्या, निवेदन काढलं, योग्य केलं. ते राजकारण नव्हतं? २०२० मध्ये मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून जास्त वेळ होता, तेव्हा मंडळाची एक ओळ निघाली नाही. मी जुन्या मेल चाळून खात्री केली. त्या आठवड्यात ऑनलाइन अंताक्षरीचं निमंत्रण होतं.

इथे काही जण म्हणतील, आपण बाहेरचे, इथल्या काळ्या-गोऱ्यांच्या भानगडी आपल्याला कळत नाहीत. सोलापूरकरांना तरी हे सांगू नका. आमच्या शहरात सेटलमेंट आहे. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना काटेरी तारेच्या आत कोंडलं. कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी कुठेही झाली तरी आधी पारध्यांच्या पालावर जीप जायची, हे मी लहानपणी स्वतः बघितलंय, आणि आमच्या वाड्यात त्यावर कुणी ब्र काढत नसे. जन्मावरून संशय कसा घेतात, याचं शिक्षण आपलं इथे येण्याआधीच झालेलं आहे.

आणि आपण इथे आलो तरी कसे? १९२३ मध्ये पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक नाही. त्यांचे वकील होते अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित; निकालानंतर सरकार खुद्द पंडितांचं नागरिकत्व काढून घ्यायला निघालं, आणि ती लढाई त्यांनी जिंकली. आपल्यासारख्यांना दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने. तो कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या कायद्याच्याच वर्षी झाला, त्याच चळवळीच्या रेट्यात. तिच्यात लाठ्या खाल्ल्या त्या त्यांनी.

आपल्या लोकांना या विषयात वजन नाही असंही नाही. केंद्राच्या न्याय खात्यातला नागरी हक्क विभाग पोलीस खात्यांची चौकशी करतो. वनिता गुप्ता या त्याच्या प्रमुख असताना, मार्च २०१५ मध्ये, मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावच्या पोलिसांवरचा अहवाल आला : गावात कृष्णवर्णीय ६७ टक्के, थांबवलेल्या गाड्यांत ८५ टक्के, अटकेत ९३ टक्के, आणि पोलिसांवर दंडवसुलीने गावाची तिजोरी भरण्याचा दबाव. आता त्या खुर्चीवर हरमीत ढिल्लन आहेत, जन्म चंडीगढचा; २१ मे २०२५ रोजी त्यांच्या विभागाने मिनिआपोलिस आणि लुइव्हिल इथल्या पोलीस सुधारणांच्या करारांतून अंग काढून घेतलं. खुर्चीत आपल्यासारखी दिसणारी व्यक्ती बसली म्हणून हायसं वाटायचे दिवस गेले. केंद्र मागे सरलंय, म्हणजे आता जे काही व्हायचं ते गावपातळीवर, आणि गावपातळीवर मंडळाची ओळख आहे.

ती ओळख लहान नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीला रस्ता बंद करून देतात ते हेच पोलीस. त्यांच्यातल्या एकाने लेझीम हातात घेतली तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी भारतात पाठवला. हॉलमध्ये कुणाला छातीत दुखलं तर सर्वांत आधी तेच पोचतात. त्यांना शिव्या द्या असं मी म्हणत नाही, सत्कारालाही माझा विरोध नाही. पोलिसप्रमुख आपल्या हॉलमध्ये येऊन पुरणपोळी खातात. शेजारच्या पाद्रींना त्यांची वेळ मिळायला महिने लागतात. हे वजन फक्त रस्ता बंद करून घ्यायला वापरायचं का?

मागण्या साध्या आहेत.

रद्द केलेलं सत्र गुढीपाडव्याच्या आत घ्या, त्याच दोन पाहुण्यांसह, मुख्य हॉलमध्ये, मुलांना सोबत बसवून. बाजूच्या खोलीत, नाटकाच्या मध्यंतरात उरकायचं नाही.

सत्काराच्या वेळी प्रश्नोत्तरांना वीस मिनिटं ठेवा आणि मंडळातर्फे निदान दोन प्रश्न अधिकृतपणे विचारा. आपल्या गावातल्या ट्रॅफिक स्टॉपची आणि झडत्यांची वंशनिहाय आकडेवारी दरवर्षी जाहीर करणार का? आणि इंग्रजी न येणाऱ्या माणसाशी गाठ पडली तर फोनवर दुभाषा घेण्याची सोय गस्तीच्या गाडीत आहे का, असल्यास ती वापरतात का?

मंडळाच्या सगळ्या व्हॉट्सअॅप गटांना नियम घाला : माणूस काय करतोय ते सांगता येत नसेल, तर त्याचा फोटो टाकायचा नाही. 'संशयास्पद दिसतो' एवढ्यावर भागणार नाही.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी मराठी-इंग्रजी माहितीपत्रक छापा. मजकूर मी आणि वकीलबाई फुकट करून देतो. छपाईचा खर्च स्मरणिकेच्या एका रंगीत पानाहून कमी येईल. कार्ड गळ्यात घालायचं करा, खिशात नको.

पाद्रीसाहेबांना रद्द झाल्याचं कळवायचं सौजन्य अजून कुणी दाखवलेलं नाही. ते पत्र अध्यक्षांच्या सहीने जावं, दिलगिरीसह.

मंडळाच्या घटनेप्रमाणे सर्वसाधारण सभेत विषय मांडायला जितक्या सभासदांच्या सह्या लागतात, त्याहून जास्त सह्या काल सचिवांच्या हाती दिल्या आहेत. पोलिसप्रमुखांसाठीचे दोन्ही प्रश्न इंग्रजीत टाइप करून सोबत जोडले आहेत. सत्काराच्या दिवशी कार्यकारिणीपैकी कुणी विचारणार नसेल, तर मी माइक मागणार आहे. निवेदकांना आधी कल्पना देऊन ठेवावी.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद